गुजरीत न मिळणारा सुटा भाग

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची गुजरी आहे. कंपनीने कधीच बंद केलेल्या मोटारीचा दरवाजा, गिअरबॉक्स, आरसा तिथे हुडकला की मिळतो. याच शिवाजीनगरात उर्दू लग्नपत्रिका आणि हँडबिले जुळवणारेही आहेत. त्यांचे काम इनपेज या सॉफ्टवेअरवर चालते आणि जुन्या इनपेजची फाइल युनिकोडमध्ये नसते. म्हणजे श्रीलिपी आणि आकृतीवाल्या आपल्या मंडळींचेच दुखणे. फक्त ओळ उजवीकडून सुरू होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरचा हात काढून घेतला. गाडीवाल्याला गुजरी आहे. डीटीपीवाल्याने कुठे जायचे?

‘आता मशीन बंद पडणार का?’ असे आपल्या व्यवसायातली माणसे विचारतात. नाही पडणार. काल चालत होते तसेच उद्याही चालेल. थांबते ती दुरुस्ती. यापुढे विंडोजमध्ये एखादे भगदाड सापडले, तर ते बुजवायला कंपनी येणार नाही. वैयक्तिक वापराच्या संगणकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ ठेवली आहे. कंपन्या आणि कार्यालयांसाठी पहिल्या वर्षाचा दर संगणकामागे ६१ डॉलर असून पुढे दरवर्षी तो दुप्पट होतो, आणि तोही जास्तीत जास्त तीन वर्षे. बिलिंग, ईमेल, जीएसटी आणि बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात, तो बदला किंवा त्याला ही मुदतवाढ घ्या. त्यात चालढकल नको. पण ज्या मशीनवर फक्त मजकूर जुळतो, तिच्यावर यासाठी एक पैसाही घालू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तिचे नेट तोडा.

नेट तोडणे म्हणजे नुसती वायर काढणे नव्हे. आपल्याकडे विषाणू नेटवरून येतो त्याहून जास्त गिऱ्हाइकाच्या खिशातून येतो. शाळेचा शिपाई पेनड्राइव्ह देतो, ऑपरेटर तो थेट जुन्या मशीनला लावतो आणि संध्याकाळी सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात. बाहेरचा पेनड्राइव्ह फक्त नव्या संगणकाला लागेल, तिथे तपासलेले मॅटरच घरच्या ठरावीक पेनड्राइव्हवरून पुढे जाईल आणि तो पेनड्राइव्ह दुकानाबाहेर जाणार नाही, एवढा नियम भिंतीवर चिकटवावा. कंपनीचा आधार असला म्हणजे झाले, असेही समजू नका. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा विषाणू जगभर पसरला, तेव्हा त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे होते, म्हणजे तेव्हा आधार चालू असलेले. फक्त अपडेट कोणी टाकले नव्हते.

मग नवा संगणक घेऊन मोकळे का होऊ नये? विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. तो खर्च एकदाचा करता येईल. खरी अडचण डोंगलची, म्हणजे परवान्याच्या ठोकळ्याची आहे. पॅरलल पोर्टात बसणारा जुना डोंगल नव्या संगणकात लावायला भोकच नाही. यूएसबीचा असला तरी त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा, आणि विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये येते. ३२ बिटचा ड्रायव्हर ते उचलतच नाही. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरांचा तर इन्स्टॉलरच १६ बिटचा, म्हणजे सीडी सापडली तरी ती पहिल्याच पायरीवर अडते. जिचा तुम्ही परवाना घेतला, पावती जपली, ती वस्तू एका प्लास्टिकच्या ठोकळ्यापायी निकामी होते.

पेजमेकरची गोष्ट वेगळी नाही. ७.० ही त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. पेजमेकर संपला, हे २००४ पासून ऐकतो आहोत. तालुक्याच्या गावी त्याला ही बातमी अजून कोणी दिलेली दिसत नाही. पण पेजमेकरच्या फाइली उघडणारे इनडिझाइन सीएस ६ हे शेवटचे, आणि जानेवारी २०२३ पासून अडोबीने टाइप १ फॉन्टचा आधारही काढला आहे. म्हणजे जुने अंक, गावांच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल उघडणारी साखळी एकेका कडीने तुटते आहे.

म्हणून जुन्या मशीनवर आधी करायचे काम म्हणजे तिथल्या फाइली सोडवणे. मशीन चालू आहे तोवर प्रत्येक महत्त्वाच्या कामाची फॉन्टसह पीडीएफ काढा. हार्ड डिस्कची पूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्या. क्लोनझिला हे फुकट साधन त्याला पुरते. यूएसबी डोंगल असेल, तर नव्या संगणकात आभासी मशीन करून त्यात जुने विंडोज चालवता येते आणि डोंगल बहुधा तिथे ओळखला जातो. पॅरलल पोर्टवाल्यांनी मात्र एक जादा जुना संगणक जवळ ठेवावा.

मजकूर युनिकोडमध्ये नेताना कन्व्हर्टरवर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात तशी साठवलेली असतात: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. त्यामुळे ‘मूर्ती’, ‘वर्षी’, ‘निश्चित’ असे शब्द घसरतात आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र हमखास फसतो. पहिल्या दोन पानांचे प्रूफ माणसाकडून वाचून घ्या, चुकांचा साचा लक्षात आला की ‘शोधा आणि बदला’ने पुढचे निस्तरता येते. एका चुकीच्या नावामुळे पूर्ण पत्रिका पुन्हा छापण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

उत्पादकांचेही थोडे बोलू. सॉफ्टवेअर जन्मभर सांभाळा, असे कोणी म्हणत नाही. पण दुकान बंद करताना किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी की नाही? ‘आकृती’ बनवणारी सायबरस्केप मल्टिमीडिया ही बेंगळुरूचीच कंपनी. तिने २००३ मध्ये आपले काही फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. जे खुले झाले, ते दुरुस्त करायला कोणाची परवानगी लागत नाही. गुजरीचे सूत्रही हेच आहे: गाडी उघडता येते म्हणून सुटे भाग निघतात. बंद सॉफ्टवेअर उघडता येत नाही, म्हणून त्याची गुजरी होत नाही. उत्पादन थांबवताना डोंगलशिवाय चालणारी शेवटची आवृत्ती आणि फॉन्टचा अक्षर-तक्ता देणे कोणत्याही कंपनीला अशक्य नाही. हे आजवर सर्रास झाले नाही, कारण आपण मागितले नाही.

मागणी एकेकट्याने केली, तर तिला उत्तरही येत नाही. आपल्या गावच्या मुद्रक संघाने या महिन्याच्या बैठकीत विषय घ्यावा. कोणाकडे कोणते सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, डोंगल कोणत्या पोर्टाचा, याची यादी करावी आणि संघाच्या कागदावर उत्पादकाला पत्र धाडावे. पत्राची एक प्रत आमच्याकडेही पाठवा. उत्पादकाचे उत्तर आले तर ते छापू, आणि नाही आले तर तसेही छापू.