पैसे आपले, सिनेमा कोणाचा?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी मुलांनी सिनेमाचा हट्ट धरला. मोबाइलवर १२० रुपये भरून एक भाड्याने घेतला. अर्धा पाहून होतो न होतो तोच फर्दापूरची लाईट गेली, पाठोपाठ रेंजही. दुसरा दिवस कामात गेला. तिसऱ्या रात्री सगळे जेवून बसलो, तर पडद्यावर अक्षरे : मुदत संपली. चालू केल्यापासून ४८ तास. अट आधीच लिहिलेली होती, वाचली नाही ती आम्हीच. म्हणून तक्रार कुठे करणार?

व्हीसीआरचे दिवस आठवा. वर्गणी काढून एका रात्रीसाठी टीव्ही आणि तीन कॅसेटी आणायच्या. लाईट गेली तर भाडेवाल्याला म्हणता यायचे, ‘दादा, दुपारी नेता का?’ बहुतेक वेळा तो ऐकायचा. यंत्राला दादा म्हणून काय उपयोग!

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत १९९८ साली सर्किट सिटी या दुकानदार कंपनीने ‘डिव्हएक्स’ नावाची तबकडी काढली. किंमत साधारण साडेचार डॉलर. तबकडी घरात आपली, पण पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तासच चालायची. पुढे पुन्हा पैसे. यंत्र टेलिफोनच्या तारेला जोडायचे, म्हणजे कोणी काय पाहिले याचा हिशेब कंपनीकडे. साधी डीव्हीडी कितीही वेळा पाहता येत असताना हे कोण घेणार? गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि जून १९९९ मध्ये धंदा गुंडाळला. जुलै २००१ मध्ये हिशेबाची यंत्रणाही बंद झाली. ज्यांनी जास्तीचे पैसे मोजून कायमचा हक्क घेतला होता, त्यांच्याही तबकड्या मुक्या झाल्या.

म्हणून भगिनींनो, पैसे भरण्याआधी ‘भाडे’ की ‘खरेदी’ हे मुलांकडून वाचून घ्या. सगळे घरात असतील तेव्हाच बटण दाबा, ‘चालतो का बघू’ म्हणून नको. खरेदी लिहिलेले असले तरी कंपनी बंद पडली तर काय, हेही विचारा. पैसे कापले आणि सिनेमा लागलाच नाही, तर पावतीचा फोटो ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. रक्कम लहान म्हणून सोडू नका.

आमच्या कपाटात भीमगीतांच्या जुन्या कॅसेटी आहेत. गल्लीतल्या चार घरांत फिरून आल्या आहेत, एकीची फीत पेन्सिलीने गुंडाळावी लागते. परवा लावली तेव्हा कोणी मुदत विचारली नाही.