पुराच्या वेळीं मागें कोण राहतो?

मोसम नदी आमच्या मालेगांव शहराच्या मधून वाहते व पुढें गिरणेस मिळते. उन्हाळ्यांत तिचें पात्र पाहणारास ही कोणास भिववील असें वाटत नाहीं. परंतु वर बागलाणांत पाऊस फार झाला व हरणबारीचें धरण भरून सांडूं लागलें, म्हणजे कांठच्या वस्तीनें सावध राहावें लागतें. धडधाकट माणूस मुलांबाळांस व चार भांड्यांस घेऊन उंच जागीं जातो. पण त्याच गल्लींतील बहिऱ्या माणसास ती बातमी कोणीं सांगावयाची? आणि ज्या आजीबाईंस चाकाच्या खुर्चीवांचून हलतां येत नाहीं, त्यांनीं जावयाचें कसें?

हा प्रश्न शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दयेवर सोडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. सुदैवानें कायद्याचेंही मत तेंच आहे. संयुक्त राष्ट्रांनीं १३ डिसेंबर २००६ रोजीं अपंगांच्या हक्कांचा करार संमत केला व १ ऑक्टोबर २००७ रोजीं भारतानें त्यास मान्यता दिली. युद्धांत व नैसर्गिक आपत्तींत अपंगांच्या रक्षणाची जबाबदारी राज्यावर आहे, असें त्याचें ११ वें कलम सांगतें. त्यास अनुसरून आपल्या संसदेनें २०१६ सालीं कायदा केला. त्याच्या ८ व्या कलमान्वयें जिल्हा आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणानें जिल्ह्यांतील अपंगांची नोंद ठेवावयाची आहे, व संकटाची सूचना त्यांस पोंचेल अशी तजवीज करावयाची आहे. जमल्यास करावी, असें तेथें म्हटलेलें नाहीं.

पण नोंद कोणाकोणाची? २०११ च्या खानेसुमारींत भारतांत शेंकडा २.२१ लोक अपंग म्हणून नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें जगांत हें प्रमाण शेंकडा १६, म्हणजे सहांत एक, इतकें आहे. मुलांनीं हिशेब करून पाहावा. त्या वेळीं मालेगांवची वस्ती सुमारें पावणेपांच लाख होती. पहिल्या दरानें अपंग साडेदहा हजार येतात, दुसऱ्या दरानें शहात्तर हजार! दोन्हीं ठिकाणच्या व्याख्या भिन्न आहेत हें खरें. तरी एवढें अंतर केवळ व्याख्येचें नसावें. आपल्या यंत्रमागांचेंच पाहा. त्या अखंड खडखडाटांत वीस-पंचवीस वर्षें काढलेल्या कारागिराचे कान मंदावतात, घरचीं माणसें त्याच्याशीं ओरडून बोलतात. परंतु गणती करणारा दाराशीं आला तर "आमच्याकडे कोणी अपंग नाहीं" हेंच उत्तर मिळावयाचें. कांहीं घरांत लाज आड येते, विशेषतः मुलगी लग्नाची असली तर. त्या घरांस आम्ही दोष देत नाहीं. पण जें नांव वहींत नाहीं, त्याची आठवण ऐन पुरांत कोणास व्हावी?

जपानसारख्या दक्ष देशांतही ११ मार्च २०११ च्या भूकंपांत व समुद्रलाटेंत अपंगांच्या मृत्यूचें प्रमाण इतरांच्या सुमारें दुप्पट भरलें. आमच्याकडे २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाच्या सांथीनें मालेगांव गांजलें, तेव्हां सर्वांचीं तोंडें झांकलीं गेलीं. ओंठांच्या हालचालीवरून बोलणें ओळखणाऱ्या बहिऱ्यास त्या दिवसांत जग किती मुकें झालें असेल, याचा विचार आपल्यांतील कितीकांनीं केला?

कोणी म्हणेल, संकटांत आधीं बहुसंख्यांस वांचवावें. परंतु पुराच्या वेळीं लोकांस बहुधा शाळांतच आणून ठेवितात. तेथें पायऱ्यांशेजारीं एक उतार व रुंद दाराचें शौचगृह असलें, तर गर्भवती स्त्रिया, म्हातारेकोतारे, पाय मोडलेला खेळाडू, सर्वांचीच सोय होते. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गांवेंच्या गांवें नव्यानें वसवावीं लागलीं. घर पायापासून बांधावयाचें असतां असा उतार ठेवण्यास खर्च थोडाच येतो. मागाहून फोडाफोड करावयाची तर मात्र पुष्कळ.

हें सर्व ठरवितांना खुद्द अपंगांस बैठकींत बोलवावें. डोळस माणूस आंधळ्याचा हात धरून त्यास ओढीत नेतो. आंधळा सांगेल कीं, मला तुमचें कोंपर धरूं द्या, म्हणजे पाऊल कोठें पडतें तें मला कळेल. पांगळ्यास खांद्यावर घेऊन बाहेर काढणारा त्याच्या कुबड्या घरींच विसरतो; मग छावणींत तो मनुष्य दुसऱ्यानें हलविल्याखेरीज हलूं शकत नाहीं. ज्याच्या कुबड्या आहेत तो त्या विसरणार नाहीं. तसेंच बहिऱ्याचें. कर्ण्यावरून कितीही पुकारा केला तरी तो निजलेलाच राहील. त्याच्या दाराशीं कोणीं जावयाचें व रात्रीं दार कसें उघडावयाचें, हें त्याच्याच विचारानें ठरवून तें नांव गल्लींतील चार घरांस माहीत करून द्यावें. आणि पाऊस सुरू होण्यापूर्वीं, मृगाच्या आधीं, एकदां तसें करूनही पाहावें.