मानसशास्त्र ‘स्कोअरिंग’ आहे का?

मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत मराठी घरे मोजकीच. त्यामुळे कोणाच्या मुलाची बारावी झाली की सल्लामसलतीची बैठक आमच्या दिवाणखान्यात भरते. सरकारी नोकरीतल्या माणसाला सगळ्या परीक्षांची खडान्‌खडा माहिती असते, असा एक प्रेमळ गैरसमज त्यामागे आहे. अशाच एका रविवारी शेजारचे कुटुंब आले. मुलीची सीयूईटी झाली होती आणि तिला दिल्ली विद्यापीठात मानसशास्त्र घ्यायचे होते. या विषयावर पोट भरते का, ही आईची चिंता. वडिलांनी स्वतःपुरता तोडगा काढला होता. ते म्हणाले, “साहेब, यूपीएससीला हा विषय स्कोअरिंग आहे म्हणतात. त्या हिशेबाने घेऊ द्यावा का?” मुलगी काहीच बोलली नाही. तिचे ते गप्प बसणे पाहून मला माझा भाचा आठवला.

२००६ साली तो पुण्यात मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाला. पुढे एम.ए. करून रुग्णांसोबत काम करावे, असे त्याच्या मनात होते. मी त्याला दिल्लीला बोलावून घेतले. माझा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला शोभेल असाच होता. त्या वेळी मुख्य परीक्षेच्या २००० लेखी गुणांपैकी १२०० गुण दोन वैकल्पिक विषयांचे असत आणि पूर्वपरीक्षेतही एक वैकल्पिक विषय असे. हाती तयार विषय असताना तो वाया कशाला घालवायचा? भाच्याने ऐकले. राजेंद्रनगरातल्या एका खोलीत राहून त्याने नोट्स पाठ केल्या. तेव्हा खुल्या प्रवर्गाला चारच प्रयत्न मिळत. त्याचा चौथा प्रयत्न २०११ सालचा. नेमक्या त्याच वर्षी पूर्वपरीक्षेतून वैकल्पिक विषय गेला आणि सीसॅट आली. आज तो दुसऱ्याच क्षेत्रात आहे आणि सुखी आहे. मात्र एका लग्नात तो मला सहज म्हणाला, “मामा, विषय मला फार आवडायचा. मीच त्याचं गाइड करून टाकलं.” त्या वाक्यातला ‘मीच’ हा त्याचा चांगुलपणा होता.

यातून मी शिकलो ते एवढेच: गुणांसाठी निवडलेल्या विषयाचे मोल गुणपत्रिकेचा आराखडा बदलेपर्यंतच टिकते. २०१३ मध्ये तो पुन्हा बदलला. आता १७५० लेखी गुणांत एकाच वैकल्पिक विषयाचे ५०० गुण आहेत. पुढे तो आणखी बदलणार नाही, याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

तथापि, आईच्या प्रश्नाला बगल देणेही योग्य नव्हे. ‘आवडते ना, मग घे’ असे सांगणारे हितचिंतक पुढची शिडी दाखवत नाहीत. नुसत्या बी.ए.ने कोणी मानसोपचार करणारा तज्ज्ञ होत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे तर १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. रूढ मार्ग असा: पदवीची तीन वर्षे, एम.ए.ची दोन आणि त्यानंतर रुग्णालयात देखरेखीखाली पूर्णवेळ प्रशिक्षणाची दोन. एकूण सात. इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षांत होते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘सोपा विषय’ या समजुतीचे काय होते ते दिसते. आमच्या मयूर विहारहून मेट्रोने दिलशाद गार्डनला गेले की ‘इहबास’ ही मानसिक आरोग्याची मोठी संस्था लागते. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी मुलांनी तिथल्या बाह्यरुग्ण विभागाबाहेरची गर्दी एकदा पाहून यावी, असे मी सुचवतो.

शिडी लांब आहे, हा विद्यार्थ्याचा दोष नाही. पण तिच्या पायऱ्या हलवत राहणे हा मात्र आम्हा प्रशासकांचा दोष आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या व्याख्येत एम.फिल.चा नाव घेऊन उल्लेख केला. पुढे २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. नको असे ठरवले आणि २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी ती बंद झाली. मग या विषयासाठी तिला मुदतवाढ द्यावी लागली. २०२५ मध्ये आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमही थांबवायला सांगितले. रुग्णांच्या हिताच्या दृष्टीने तो निर्णय मला पटतो. मात्र एक दार बंद करताना समोरासमोर शिकवण्याच्या जागा वाढवण्याची जबाबदारीही आपोआप येते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांसाठी उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. २०२२ मध्ये ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. सेवा स्तुत्य आहे. पण पलीकडून फोन उचलणारा माणूस विद्यापीठांनीच घडवायचा असतो, आणि त्याला सात वर्षे लागतात.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. मानसशास्त्र ही प्रशासनाची तयारी आहे का? माझ्या मते आहे, पण ते मनापासून शिकले तर. आम्ही अर्थशास्त्रात शिकलेला माणूस नफातोटा अचूक ओळखणारा होता. खिडकीसमोर उभा राहणारा माणूस तसा नसतो, हे मला नोकरीने शिकवले. डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञाला २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा आमच्या शास्त्रानेही ते मान्य केले. २०१८-१९ च्या आपल्या आर्थिक पाहणीत वर्तणूक अर्थशास्त्रावर स्वतंत्र प्रकरण होते. २०१३ पासून यूपीएससीच्या नीतिशास्त्राच्या पेपरात वृत्ती, मनवळवणी, भावनिक बुद्धिमत्ता हे घटक आहेत.

एक छोटा अनुभव सांगतो. एका कार्यालयात आमच्या नोटिशीला लोक उत्तरच देत नसत. आम्ही कलमे आणि दंडाची भाषा वाढवत गेलो. मानसशास्त्र शिकलेल्या एका कनिष्ठ सहकारी महिलेने मसुदा उलटा केला: काय करायचे, कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे पहिल्या तीन ओळींत, कलमे शेवटी. “घाबरलेला माणूस पाकीट उघडतच नाही, सर,” ती म्हणाली. तिचा मसुदा आम्ही स्वीकारला आणि उत्तरे येऊ लागली. हे ज्ञान तिला कोणत्या गाइडात मिळाले नव्हते.

म्हणून शेजाऱ्यांना मी तीन गोष्टी सांगितल्या. सात वर्षांच्या खर्चाचा हिशेब आजच मांडा. संख्याशास्त्राचा कंटाळा करू नका. आधुनिक मानसशास्त्र त्यावरच उभे आहे. आणि मराठी सोडू नका. ‘जीव घाबरा होतो’ किंवा ‘कशात मन लागत नाही’ असे सांगणारी आपली म्हातारी माणसे दिल्लीतही आहेत, सिंगापुरात आणि न्यू जर्सीतही आहेत. त्यांचे म्हणणे त्यांच्याच भाषेत ऐकणारे कोणी हवे आहे. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने १९६२ पासून आणि ठाण्यात आयपीएचने १९९० पासून हे शास्त्र मराठीत रुजवले आहे. त्या कामाला महाराष्ट्राबाहेर माणसे हवीत.

यूपीएससी द्यावीशी वाटली तर तिने खुशाल द्यावी. पण विषय परीक्षेसाठी निवडू नये.

मुलगी उठताना म्हणाली, “काका, तुमच्या भाच्याशी बोलता येईल का मला?” मी तिच्यासमोरच त्याला फोन लावला. दोघे अर्धा तास बोलत होते. इतक्या वर्षांनी त्याच्या बोलण्यात तो विषय पुन्हा आला, याचे मला समाधान वाटले. आणि थोडी लाजही.