रंग गेलेले पाणी शेतीला चालेल काय?

मुंबईच्या उपनगरांत आता शेती उरली नाही, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात लोहमार्गांलगतच्या पट्ट्यांत व नाल्यांच्या काठी पालक, माठ, मुळा, भेंडी यांची लागवड वर्षानुवर्षे होत आली आहे; आणि या भाजीला नाल्याचे पाणी दिले जाते, ही तक्रारही तितकीच जुनी आहे. मिठी नदी पवई, मरोळ, साकीनाका व कुर्ला या भागांतून माहीमच्या खाडीस मिळते. वाटेत घरगुती मैल्याबरोबर कारखान्यांचे सांडपाणीही तिच्यात येते. रंगद्रव्ये मोकाट सुटली म्हणजे काय होते, हे ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईतील तळोजे येथे भटकी कुत्री निळी झाली तेव्हा सर्वांनीच पाहिले.

असे पाणी निवळण्याच्या दोन पद्धतींकडे आज मोठ्या आशेने पाहिले जाते. पहिली प्रकाशाची. पांढऱ्या रंगलेपात वापरतात ती टिटॅनियम डायऑक्साइडची भुकटी पाण्यात मिसळून तिच्यावर अतिनील किरण पाडले असता अतिशय क्रियाशील मूलके उत्पन्न होतात व ती रंगाचे रेणू तोडतात. या द्रव्याच्या साहाय्याने प्रकाशाने पाण्याचे विघटन होते, हे फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखविले. तेव्हापासून या संशोधनास जोर आला. दुसरी पद्धत विजेची. पाण्यात लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ठेवून वीज सोडली असता धातू विरघळून त्याचा साका बनतो आणि रंग त्यात अडकून खाली बसतो.

या पद्धती उपयुक्त आहेत. परंतु त्यांची जागा नाल्यावर नसून कारखान्यातच आहे. गढूळ पाण्यात प्रकाश खोल शिरत नाही आणि सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा वाटा शेकडा पाचच्या आसपासच असतो. शिवाय रंग नाहीसा झाला म्हणजे विष गेले असे नव्हे. ॲझो जातीच्या रंगांच्या अर्धवट विघटनातून काही घातक अमाइने मागे राहू शकतात. खाली बसलेला साकाही सुरक्षितपणे हलवावा लागतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मिठाची. सुती कापड रिॲक्टिव्ह रंगांनी रंगविताना दर लिटर द्रावणात बहुधा ४० ते ८० ग्रॅम मीठ घालतात. उलट, ओलिताच्या पाण्यात लिटरमागे दीड ग्रॅम क्षार असले तरी बहुतेक भाजीपाल्यास ते बाधतात. हे मीठ प्रकाशाने जात नाही व विजेनेही जात नाही. स्वच्छ दिसणारे असे पाणी देत राहिल्यास सोडियममुळे जमीन घट्ट होते, निचरा बिघडतो आणि पीक खुरटते.

यास्तव लहान रंगकामवाल्यांसाठी सामुदायिक शुद्धीकरण केंद्रे उभारून मिठाचे पाणी उगमाशीच वेगळे काढणे अगत्याचे आहे. माटुंग्यास व पवईस अनुक्रमे १९३३ व १९५८ साली स्थापन झालेल्या उच्च तंत्रशिक्षणाच्या संस्था आहेत. त्यांच्या ज्ञानाचा लाभ या केंद्रांना मिळावा. भाजी उत्पादकांनीही पाण्याच्या रंगावर विसंबू नये. विद्युत्-वाहकता, सोडियम व क्लोराइड यांची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी आणि कारखान्याचे पाणी मिसळणाऱ्या नाल्याचे पाणी पालेभाजीस मुळीच देऊ नये. जे पाणी आज वाफ्यात जाते, तेच उद्या ताटात येते.