मालक कोण? मजूर कुणाचा?

सहकार हा शब्द आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत इतका रुजला आहे की, त्याचा अर्थ विचारण्याची गरज कुणाला वाटत नाही. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू ही नावे आपल्याला ग्रामदैवताइतकी परिचयाची. प्रतिसरकारच्या लढ्यात उतरलेल्या नागनाथअण्णा नायकवडींनी वाळव्याला आणि जी. डी. बापू लाड यांनी कुंडलला पुढे साखर कारखाने उभे केले. ऊस पिकवणारा हाच कारखान्याचा मालक, हा त्यामागचा विचार. शेअर्स कितीही असोत, सभासदाला मत एकच. ही केवढी मोठी गोष्ट!

पण मालकीसोबत खर्च येतो आणि खर्चासोबत जबाबदारी. तिथे मात्र आपले पाऊल अडखळते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे उसाचे बिल वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आहे. केंद्र सरकार ठरवते ती एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, कारखान्याच्या दारात पोचलेल्या उसाची असते. म्हणून तोडणी व वाहतूक वजा होऊनच पैसे हातात पडतात. म्हणजे तोडणीची मजुरी शेवटी शेतकऱ्याच्या खिशातून जाते. टोळी कुणाच्या रानात कधी जायची, हे कारखाना ठरवतो. करार होतो वाहतूकदाराशी. तो मुकादमाला उचल देतो आणि मुकादम टोळीला. पैसा एकाचा, हुकूम दुसऱ्याचा, करार तिसऱ्याशी! मग तोडताना एखाद्याच्या हातावर कोयता बसला, तर त्याने कुणाच्या दारात उभे राहावे? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

बीडहून किंवा आपल्याच जिल्ह्यातील जतहून आलेल्या नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. बाई ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. हिशेबात मात्र तिचे वेगळे नाव नसते. ती आजारी पडली तर खाडा धरला जातो. याच व्यवसायातील कायम कामगाराचा पगार त्रिपक्षीय करारातून ठरतो. मालक शेतकऱ्यासाठी तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज अशी तरतूद केली. तोडणीवाल्याच्या पदरात काय? मुकादमाचा शब्द.

यावर कुणी म्हणेल, कारखाने कर्जात आहेत, शेतकऱ्याचेच भागत नाही, त्यात ही नवी खोगीरभरती कशाला? शेतकऱ्याचे भागत नाही हे मी घरातच पाहतो. पण नोंदवहीत बाईचे नाव वेगळे लिहायला किती खर्च येतो? उचलीचा आणि वजनाचा हिशेब टोळीच्या हातात कागदावर द्यायला किती? पाण्याला, संडासाला आणि मुलांच्या शाळेला खर्च येईल, हे मान्य. तो टनामागे किती पडतो याचा आकडा वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे उघडपणे मांडावा आणि सभासदांनी हात वर करून निर्णय घ्यावा. तोडणीची यंत्रे आली आहेत, म्हणून माणसांचा प्रश्न आपोआप सुटेल, असे म्हणून थांबणे सोयीचे आहे, न्यायाचे नाही. यंदाचा ऊस ज्यांनी कोयत्याने तोडला, त्यांचा हिशेब यंदाच व्हायला हवा.

कर्मवीर भाऊराव पाटील किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले, १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज उभे केले. 'कमवा आणि शिका' म्हणत त्यांनी श्रमाला विद्येच्या पंक्तीत बसवले. त्या पंक्तीत जेवून उठलेल्या आपण मुलामुलींनी निदान एवढे करावे. आपल्यापैकी अनेकांचे वडील, चुलते सभासद आहेत. सभेला निघताना अहवालाचे पुस्तक त्यांच्या हाती देण्याआधी आपण ते वाचावे, तोडणी-वाहतुकीच्या आकड्याखाली रेघ मारावी आणि म्हणावे, "आबा, एवढं एक विचारून या." उद्या हे शेअर आपल्या नावावर होतील. तेव्हा हा प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल.