धावणाऱ्यांसाठी वाट आखताना



सुटीच्या दिवशी शहरातले धावणारे गट माळावर, डोंगराकडे येतात. यात शर्यत नसते की बक्षीस नसते. मंडळी सोबत धावतात, सोबत फराळ करतात आणि घरी जातात. उद्या तुमच्याच गावच्या एखाद्या मुलाला कोणी म्हणेल, "आमच्यासाठी वाट आखून दे." तेव्हा हे काम कसे करावे, ते आज पाहू.

याचा जुना नमुना मलायातला. 1938 साली क्वालालंपूर येथे गिस्पर्ट नावाच्या ब्रिटिश हिशेबनीसाने मित्रांसह 'हॅश हाऊस हॅरिअर्स' हे मंडळ काढले. ज्या खाणावळीत ते जेवत, तिला गमतीने 'हॅश हाऊस' म्हणत. तेच नाव मंडळाला पडले. गिस्पर्ट 1942 साली सिंगापूरच्या लढाईत मारला गेला. युद्धानंतर मित्रांनी मंडळ पुन्हा उभे केले. आज अशी मंडळे जगभर आहेत.

खेळ साधा आहे. एकदोघे 'ससे' होऊन पुढे जातात आणि पिठाच्या चिमटीने खुणा टाकतात. बाकीचे खुणा पाहत मागून येतात. मध्येच एक वर्तुळ येते आणि तिथून पुढची खूण दिसत नाही. जोराने पळणारे चहूकडे शोधत फिरतात, कधी फसव्या वाटेने जाऊन परत येतात. तेवढ्यात मागे पडलेले त्यांना गाठतात. सर्वांत सावकाश चालणाराही सोबत राहावा, हीच वाट आखण्यातली खरी खुबी.

आपल्या शिवारात मात्र आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

1. गाडीवाट व माळ यांना पहिली पसंती द्यावी. बांधावरून जायचे तर दोन्ही बाजूंच्या मालकांना आधी विचारावे. उभे पीक, पेरलेले रान आणि ओले वाफे वर्ज्य. ओली काळी माती पायाखाली दबली की घट्ट होते.

2. नुकते फवारलेले रान टाळावे. कोणी कधी फवारले, हे मालकालाच ठाऊक असते. म्हणून आदल्या दिवशी पुन्हा विचारावे.

3. वर्तुळाची खूण विहीर, शेततळे किंवा विजेच्या तारेच्या कुंपणाजवळ कधीही टाकू नये. वर्तुळापाशी माणसे वाट सोडून हिंडतात. कठडा नसलेली विहीर गवतात दिसत नाही, आणि प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात घसरलेल्याला वर चढता येत नाही. वर्तुळ मोकळ्या माळावरच असावे.

4. गोठ्याजवळून वाट नेऊ नये. लाळ-खुरकूत रोग बुटांच्या चिखलातूनही पसरतो. 2001 साली ब्रिटनमध्ये या रोगाची साथ आली, तेव्हा शेतांतून जाणाऱ्या पायवाटा बंद कराव्या लागल्या आणि 60 लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. गावात साथ असेल तर धावणे पुढे ढकलावे.

5. ग्रामपंचायत व पोलीस पाटील यांना आधी कळवावे. 2007 साली अमेरिकेत न्यू हेवन येथे खुणेसाठी टाकलेले पीठ लोकांना विषारी पूड वाटले. एक मोठे दुकान रिकामे करावे लागले आणि पीठ टाकणाऱ्या दोघांवर गुन्हा दाखल झाला. आपल्याकडे दारासमोर पीठ दिसले तर करणीचा संशय येऊन शेजाऱ्याशेजाऱ्यांत वितुष्ट येईल. म्हणून घरासमोर, देवळासमोर खूण नको.

आदल्या दिवशी, धावण्याच्याच वेळेला, एखाद्या वयस्क माणसाला सोबत घेऊन सगळी वाट चालून पाहावी. तो जिथे थबकेल तिथे वाट बदलावी. निघताना माणसे मोजावीत आणि परतल्यावर पुन्हा मोजावीत. आकडा जुळल्याशिवाय फराळाला बसू नये.

पाहुणे तासा-दीड तासात निघून जातील. रान आपले आहे आणि शेजारीही आपलाच आहे. ज्याच्या बांधावरून वाट गेली, त्याने पुढच्या खेपेला आपणहून "या" म्हटले, तर वाट चांगली आखली असे समजावे.