परंतुक दुकानदाराला, कलम गाडीमालकाला

प्रति,
मा. सचिव,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली

विषय: छोट्या मोटारींच्या इंजिनांची शक्ती वाढवण्याचा धंदा आणि मोटार वाहन अधिनियमाचे कलम 182-अ

महोदय,

2019 च्या सुधारणेने मोटार वाहन अधिनियमात आलेल्या कलम 182-अ चे चौथे उपकलम मंत्रालयाला पाठ असणारच, कारण नाक्यानाक्यावर त्याचाच दाखला देऊन पावत्या फाडल्या जातात. कायद्याने परवानगी न दिलेला बदल आपल्या वाहनात करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, असे ते उपकलम सांगते. त्याच कलमाच्या पहिल्या उपकलमाचे मात्र मंत्रालयाला स्मरण करून द्यावे लागते, ही खेदाची गोष्ट होय. अध्याय सातमधील तरतुदींचा भंग होईल अशा रीतीने वाहन विकणाऱ्या किंवा त्यात बदल करून देणाऱ्या उत्पादकाला, आयातदाराला अथवा डीलरला त्या उपकलमाने एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे 1,00,000 रुपये दंड सांगितला आहे. शिवाय कलम 2 मधील व्याख्येनुसार वाहनदुरुस्तीचा व्यवसाय करणाराही ‘डीलर’मध्ये मोडतो, म्हणजे गल्लीतले गॅरेजही त्या शब्दाच्या कक्षेत येते. इथवर कायदा न्यायाने वागतो, असे कोणालाही वाटेल.

त्यापुढे परंतुक सुरू होते. परंतुक म्हणजे मूळ नियमाला ‘परंतु’ म्हणून जोडलेला अपवाद. या परंतुकाचा आशय असा की, वाहन कायद्याचा भंग कोणत्या प्रकारे करते हे आपण समोरच्या पक्षाला आधीच उघड केले होते, असे आरोपीने सिद्ध केले तर त्याला दोषी ठरवता येणार नाही. इंजिनाची शक्ती वाढवून देणाऱ्या दुकानांच्या बिलांवर तळाशी बारीक अक्षरांत ‘केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी, जबाबदारी ग्राहकाची’ असे वाक्य का छापलेले असते, याचा उलगडा हे परंतुक वाचल्यावर होतो. ज्या वाक्याने ग्राहक सावध व्हायचा, तेच वाक्य विक्रेत्याचे कवच ठरते, आणि ज्याला ते सांगितले गेले त्या गाडीमालकाला चौथ्या उपकलमात असे कोणतेही कवच नाही.

हिशेब मांडला म्हणजे विषमता अधिक स्पष्ट होते. एखाद्या छोट्या डिझेल मोटारीत एकाच दुकानातून ट्यूनिंग बॉक्स, मोठा एअर फिल्टर व मोठ्या व्यासाचा सायलेन्सर बसवला, ईजीआर झडप, म्हणजे जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, बंद केली आणि धुरातील विषारी वायू निवळवणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकले, तर पाच बदलांचे 25,000 रुपये मालकाच्या खाती पडतात, शिवाय कैदेची टांगती तलवार राहते. पाचही कामे ज्याने केली, तिन्ही वस्तू ज्याने विकल्या व त्यांवर नफा मिळवला, त्याच्या खाती शून्य. 2019 पूर्वी या अपराधाला जुने कलम 191 लागू होते आणि त्यात डीलरचा दंड 500 रुपयांपर्यंत होता, म्हणजे कागदावर दंड 200 पटीने वाढला, आणि ती वाढ सुधारणेचे मोठे यश म्हणून सांगता येण्यासारखी आहे. परंतु जुन्या कलमातही परंतुक होते व ते अधिक कडक होते, कारण कायदेशीर स्थितीत आणल्याशिवाय ते वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवले जाणार नाही असे मानण्यास आपल्याला वाजवी कारण होते, हे डीलरला सिद्ध करावे लागे. आता नुसते सांगितले की भागते. दंड 200 पट करताना दार मात्र सताड उघडे ठेवण्याची ही कल्पना कोणाच्या टेबलावर सुचली, हे सांगण्याचे सौजन्य मंत्रालयाने दाखवावे.

या दारातून जे बाहेर पडते ते जवळून पाहण्याजोगे आहे. ट्यूनिंग बॉक्स म्हणजे हाताच्या पंजात मावणारी काळी प्लास्टिकची डबी, जिला वायरींचे दोन सॉकेट असतात. आधुनिक डिझेल इंजिनात सर्व सिलिंडरांना एकाच सामाईक नळीतून, जिला कॉमन रेल म्हणतात, इंधन पुरवले जाते. त्या नळीतील दाब हजार बारच्या वर जातो (एक बार म्हणजे साधारणपणे समुद्रसपाटीवरील हवेचा दाब) आणि एक सेन्सर तो सतत मोजून ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कळवतो. डबी या सेन्सरच्या व संगणकाच्या मध्ये बसते आणि दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचे संगणकाला सांगते, तेव्हा संगणक बिचारा दाब वाढवतो, इंधन अधिक जाते आणि शक्तीही वाढते. हा सारा व्यापार गाडीने स्वतःशीच खोटे बोलण्यावर उभा असून त्याची किंमत टर्बोतील, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यातील, वाढलेले तापमान, चढावर घसरणारा क्लच आणि मागच्या वाहनाच्या काचेवर बसणारी काजळी यांच्या रूपाने चुकवावी लागते. रीमॅप हा दुसरा मार्ग, ज्यात संगणकातील इंधनाचे व दाबाचे तक्तेच नव्याने लिहिले जातात. तो जाणत्या हाताने केला तर डबीपेक्षा बरा ठरतो. परंतु जाणता हात कोणता, हे ठरवण्याची कोणतीही व्यवस्था ग्राहकापुढे नाही.

अधिक शक्तीची मागणी म्हणजे निव्वळ पोरकटपणा, असा युक्तिवाद येथे होण्याचा संभव आहे. पाच माणसे, सामान आणि चालू एसी घेऊन कसारा किंवा खंबाटकीच्या चढाला लागलेली छोटी मोटार दुसऱ्या गिअरमध्ये कशी कण्हते, हे ज्यांनी पाहिले आहे ते असा युक्तिवाद करणार नाहीत. छोट्या मोटारीचे इंजिन छोटे राहिले तेही बरेचसे कररचनेमुळे, कारण 4 मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोलला 1,200 सीसी व डिझेलला 1,500 सीसी ही सवलतीची चौकट सरकारनेच आखली आणि कारखानदारांनी गाड्या तिच्यात बेतून बसवल्या.

फियाटचे 1,248 सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन हे या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण होय. मारुतीसाठी ते मानेसरला आणि फियाट व टाटांच्या गाड्यांसाठी पुणे जिल्ह्यातील रांजणगावला तयार होत असे, आणि ते इतक्या वेगवेगळ्या गाड्यांत बसले की मोटारविषयक नियतकालिके त्याला थट्टेने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागली. स्विफ्टमध्ये ते 75 अश्वशक्तीचे होते, तर त्याच सीसीचे इंजिन सियाझमध्ये 90 अश्वशक्तीचे. फरक मुख्यतः टर्बोचा व त्याला जुळवलेल्या संगणकीय तक्त्यांचा होता. पहिल्यात स्थिर पात्यांचा टर्बो, तर दुसऱ्यात वेगानुसार पात्यांचा कोन बदलणारा. म्हणजे 90 अश्वशक्तीची रचना कारखान्याने स्वतः तपासली होती, सरकारमान्य संस्थेकडून प्रमाणित करून घेतली होती आणि ती रीतसर रस्त्यावर धावत होती. तरीही 75 च्या मालकाने तो टर्बो व ते तक्ते बसवण्याची परवानगी मागितली, तर अर्जाची पोच मिळते, उत्तर मिळत नाही. अर्ज फेटाळावा तर कोणत्या नियमाखाली आणि मंजूर करावा तर कोणत्या, हे खिडकीपलीकडल्या कारकुनालाही ठाऊक नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही. एप्रिल 2020 मध्ये भारत स्टेज सहा ही उत्सर्जनमानके लागू होताना ते इंजिनच बाजारातून गेले. गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत.

कलम 52 चे शब्दही मालकाला वाट दाखवत नाहीत. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांहून वेगळे पडतील असा बदल करू नये, असे ते कलम म्हणते, आणि वाहनाच्या संरचनेत होणारा व त्याचे मूलभूत वैशिष्ट्य पालटणारा फरक अशी बदलाची व्याख्या करते. रीमॅपने इंजिन क्रमांक बदलत नाही, सिलिंडरांची संख्या, घनक्षमता वा इंधनही बदलत नाही. मग तो ‘बदल’ आहे की नाही? व्याख्येत याचे उत्तर सापडत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करून मूळ तपशिलांपासून फारकत नको असे बजावले, आणि ते योग्यच झाले, कारण न्यायालय कायदा आहे तसा वाचते. तो बदलणे न्यायालयाचे काम नव्हे.

कायद्यात मुभा मुळीच नाही, असेही नाही. इंधन बदलणाऱ्या किटला कलम 52 मध्येच स्थान आहे. सीएनजी व एलपीजीच्या किटसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत 115-ब व 115-क हे नियम आहेत, त्यांच्यासाठी चाचणीची मानके आहेत, आणि पेट्रोल इंजिन काढून बॅटरी व मोटर बसवण्याचीही सोय केलेली आहे. डिकीत 200 बार दाबाची वायूची टाकी बसवता येते आणि मागच्या आसनावर बसलेली मुले तिला पाठ टेकून शाळेला जातात. या टाकीविषयी तक्रार नाही, कारण ती तपासलेली असते. तक्रार एवढीच की जे तपासता येते ते तपासायचेच नाही, असा निश्चय मंत्रालयाने टर्बो आणि तक्त्यांपुरता केलेला दिसतो. वास्तविक याच कलमाच्या आणखी एका परंतुकाने विशिष्ट प्रयोजनासाठी अन्य प्रकारच्या बदलांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. दुकानदाराला उपयोगी पडणारे परंतुक रोज वापरात असावे आणि नागरिकाला उपयोगी पडू शकणारे धूळ खात पडावे, याला योगायोग म्हणण्यास धैर्य लागते.

जेथे खरोखर ‘नाही’ म्हणायला हवे, त्या जागाही आहेत. सुमारे 37 अश्वशक्तीच्या मारुती 800 मध्ये एस्टीमचे 1,298 सीसीचे, पुढच्या आवृत्तीत 85 अश्वशक्ती देणारे इंजिन बसवण्याची परंपरा जुनी आहे. त्या गाडीच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आणि टायर 12 इंची. वेग ताशी 80 किलोमीटरवरून 110 वर गेला की ब्रेकांनी जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. ब्रेक मात्र होते तेच राहतात. असा बदल ब्रेक, टायर व सांगाडा तपासल्याशिवाय कदापि मान्य होऊ नये. ऑस्ट्रेलियातील संहितेने इंजिनाच्या मर्यादेची सांगड गाडीच्या वजनाशी घातली आहे, जर्मनीत मान्यताप्राप्त तपासनीसाच्या दाखल्यानंतर बदलाची नोंद कागदपत्रांत होते, आणि कॅलिफोर्नियात उत्सर्जनावर परिणाम करू शकणाऱ्या सुट्या भागाला राज्याच्या हवा मंडळाचा क्रमांक घ्यावा लागतो. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेकडे, जी 1966 पासून वाहने तपासत आली आहे, यासाठी लागणारी यंत्रसामग्री व माणसे आहेत. वेताळाच्या गोष्टीत उत्तर ठाऊक असूनही गप्प बसणाऱ्या राजाच्या मस्तकाचे काय होते, हे मराठी मुलांना सांगावे लागत नाही.

आणि ज्या धुराच्या नावाने ही सारी बंदी उभी आहे, त्याची तपासणी तरी होते काय? प्रदूषण तपासणाऱ्या पीयूसी केंद्रावर डिझेल मोटारीची केवळ धुराची अपारदर्शकता, म्हणजे धूर किती प्रकाश अडवतो एवढेच, मोजली जाते, तीही गाडी उभी असताना, भाराविना ॲक्सिलरेटर दाबून. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे मोजमाप त्यात नाही, आणि ईजीआर झडप बंद केल्यावर वाढतात ते नेमके हेच वायू. 2013 पासून नव्या मोटारींत दोषनिदानाची ओबीडी-दोन ही व्यवस्था सक्तीची आहे, तिचे सॉकेट स्टिअरिंगखालीच असते आणि बदललेली संगणकप्रणाली त्यातून ओळखता येते. कॅलिफोर्नियाने जुलै 2021 पासून ते दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीत सुरूही केले. येथे मात्र पीयूसीवाला बोनेट उघडण्याचीही तसदी घेत नाही. दरम्यान पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोड रोलर फिरवतात, छायाचित्रे छापून येतात, आणि जेथून ते सायलेन्सर आले त्या बाजारपेठेचे शटर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी वर जाते.

म्हणून मागणी आडवळणाची नाही. कलम 182-अ (1) चे परंतुक रद्द करण्याचे विधेयक मांडावे, आणि तोवर ‘रस्त्याबाहेरील वापरासाठी’ अशी छापील ओळ म्हणजे पुरेसा खुलासा नव्हे, असे राज्यांना लेखी कळवावे. कलम 52 खालील सुटीचा अधिकार वापरून, एखाद्या इंजिनाची कारखान्यानेच प्रमाणित केलेली वरची श्रेणी त्याच इंजिनाच्या खालच्या श्रेणीवर बसवण्यास, ब्रेक व उत्सर्जनाच्या तपासणीनंतर, परवानगी द्यावी आणि तिची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर करावी. हे करायचे नसेल, तर नकार कारणांसह प्रसिद्ध करावा. नकाराला आव्हान देता येते, मौनाला येत नाही.

ती काळी डबी काढून ठेवायला दहा मिनिटे लागतात, आणि भारत स्टेज चारच्या मोटारीला त्यानंतर मिळणारे पीयूसी प्रमाणपत्र एक वर्ष चालते.

कळावे,
एक वाहनधारक